निसटत्या माशाचे शिकारी

पाण्यातला मासा दिसतो तिथे नसतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाशाची वाट वाकते, त्यामुळे काठावरून तिरकी नजर टाकली की तो खऱ्या जागेपेक्षा वर आल्यासारखा वाटतो. अगदी डोक्यावरून सरळ खाली बघितलं, तरी चार हात खोल असलेला मासा तीनच हातांवर आहेसं वाटतं. नजर जितकी तिरकी, तितकी फसगत मोठी. त्यात पाण्याची चकाकी आहे, वाऱ्याने उठणाऱ्या लहरी आहेत आणि माशाचा स्वतःचा रंगही आहे. पाठ काळपट, म्हणजे वरून बघणाऱ्याला ती तळाच्या गाळात मिसळून जाते. पोट चंदेरी, म्हणजे खालून बघणाऱ्याला ते आभाळाच्या उजेडात हरवतं.

एवढं करून तो दिसलाच, तरी हाती लागेल याचा भरवसा नाही. माशाच्या दोन्ही कुशींवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ गेलेली असते. पाण्यातली जराशी हालचालही या रेघेला कळते. चाहूल लागली की सेकंदाच्या काही शतांश भागात मासा अंग वाकवतो आणि उसळी मारून निघून जातो. पकडलाच तर अंग बुळबुळीत, पाठीवर काटे, शेपटीत जोर.

आता भिगवणला या. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं हे गाव उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि मागे मैलोन्‌मैल पाणी पसरलं. हिवाळ्यात बाहेरगावची मंडळी इथे येतात ती रोहित, म्हणजे फ्लेमिंगो बघायला. होडीत बसतात, गुलाबी थवे बघतात, फोटो काढतात आणि हॉटेलात चिलापीचं कालवण खाऊन परततात. पण थवे बाजूला ठेवून तासभर नुसतं पाण्याकडे बघितलं, तर दुसराच खेळ दिसू लागतो. खांबावर ऑस्प्रे बसलेला असतो. उथळ पाण्यात चित्रबलाक चोच बुडवून चालत असतात. वठलेल्या बाभळीवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. कवड्या धीवर हवेतच थबकलेला असतो, काठाच्या चिखलात वंचक दबा धरून असतो, आणि गवतातून एखादी पाणदिवड नाक तेवढं वर काढून सरकत असते. सगळ्यांना हवा आहे तो मासाच.

एकाच ताटात इतके जण कसे जेवतात? मासा पकडणं सोपं असतं, तर सगळ्यात चपळ असा एकच शिकारी उरला असता आणि बाकीचे उपाशी मेले असते. मासा पकडणं अवघड आहे, आणि अवघडपणाही एक प्रकारचा नाही. प्रत्येक शिकाऱ्याने त्यातली एकेक अडचण उचलली आणि तिच्यावर आपापला तोडगा काढला.

नजरेची फसगत

पहिली अडचण वाकलेल्या प्रकाशाची. शाळेच्या पुस्तकात याला प्रकाशाचं अपवर्तन म्हणतात. पेल्यातला वाकडा दिसणारा चमचा काढून दाखवला की आपला धडा संपतो. बगळ्याचा धडा चोच मारल्यावर सुरू होतो, आणि नापास झाला तर तो उपाशी राहतो.

समुद्री बगळा कोकणच्या किनाऱ्यावरही दिसतो. त्याच्यावर कात्झिर आणि इंट्रेटर या संशोधकांनी १९८७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बगळ्यापुढे पाण्यात ठरावीक खोलीवर मासा ठेवायचा आणि तो कुठून, कशी चोच मारतो हे टिपून घ्यायचं, असा तो प्रयोग. बगळा दिसणाऱ्या माशावर चोच मारत नाही, खऱ्या माशावर मारतो. झडप घालण्याआधी तो मान पुढेमागे करून डोळा अशा जागी आणतो, की दिसणारी खोली आणि खरी खोली यांचं गणित जुळावं. मगच मान सुटते. कोन फारच तिरका झाला, तर मात्र त्याचाही नेम चुकतो.

हेच आपल्या ओढ्यावरच्या वंचकात बघता येतं. गावाकडे त्याला ढोकरी म्हणतात. मातकट तपकिरी अंग, मान खांद्यात गाडलेली, नजर खाली. पाच मिनिटं हलत नाही, दहा मिनिटं हलत नाही. मग मान इतकी हळू पुढे येऊ लागते, की ती सरकते आहे हे आपल्याला उशिरा कळतं. पाय जागचे हलत नाहीत, पाण्यावर तरंग उठत नाही. चोच पाण्यापासून वीतभर अंतरावर आली, की क्षणभर सगळं थांबतं. पुढचं आपल्याला दिसतच नाही. दिसते ती चोचीत वळवळणारी बोटभर मासळी, आणि पंख उघडले तर एकदम पांढराशुभ्र झालेला पक्षी.

कवड्या धीवराने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला आहे. प्रकाश तिरका आला की वाकतो. मग तिरकं बघायचंच कशाला? हा काळापांढरा खंड्या पाण्यावर काही मीटर उंचीवर हवेत एका जागी थांबतो. पंख जोरजोरात फडफडत असतात, अंग जवळजवळ उभं, चोच खाली. डोकं मात्र जागचं तसूभरही हलत नाही. डोकं हललं तर नेम चुकला. सरळ खाली बघितल्यावर मासा बाजूला सरकलेला दिसत नाही, फक्त कमी खोल वाटतो. म्हणजे दोन फसव्या गोष्टींपैकी एक निकालात निघाली. सूर मारता मारता मासा सरकला, तर धीवर वाटेतच थबकतो, थोड्या खालच्या उंचीवर पुन्हा फडफडत थांबतो आणि नवा नेम धरतो.

त्याच्या या कसबाचा आणखी एक फायदा आहे. निळ्या खंड्याला काठावरची फांदी लागते, म्हणून त्याचं शिकारक्षेत्र काठालगतचं. कवड्या हवेतच उभा राहतो, त्यामुळे काठापासून दूरचं उघडं पाणीही त्याच्या कामाचं. दोघं एकाच तलावात राहतात, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.

नदी सुरयही वरूनच सूर मारतो, पण उडता उडता. त्याची चोच पिवळीजर्द, शेपूट दुभंगलेली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरून वाळूची, मातीची बेटं उघडी पडली की तो त्यांच्यावर उघड्यावर अंडी घालतो.

पायांनी मासेमारी

सुराचा खरा उस्ताद मात्र ऑस्प्रे. हा मासेमार शिकारी पक्षी हिवाळी पाहुणा आहे, आणि त्याचं जेवण जवळजवळ पूर्णपणे माशांचंच. दहा ते चाळीस मीटर उंचीवरून तो खाली बघत फिरतो. मासा हेरला की पंख मागे घेऊन कोसळतो, आणि पाण्याला टेकायच्या बेतात असताना पाय पुढे काढतो. पाय आधी, मग छाती, मग पाण्याचा फवारा. पाण्यात तो जास्तीत जास्त मीटरभर जातो. त्याखालचा मासा त्याच्या आवाक्याबाहेर आणि पाणकावळ्याच्या हद्दीत.

बुळबुळीत मासा ओल्या पायात टिकतो कसा, ही खरी गंमत. बहुतेक शिकारी पक्ष्यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. ऑस्प्रे बाहेरचं बोट मागे फिरवू शकतो, म्हणजे पकड दोन पुढे आणि दोन मागे अशी होते. तळव्यांवर बारीक टोकदार काट्यांचे खवले असतात, ते माशाच्या अंगात रुततात. पाण्यात शिरताना नाकपुड्या बंद होतात. मासा घेऊन वर आला की ऑस्प्रे हवेतच अंग झटकून पाणी उडवतो आणि एक पाय पुढे, एक मागे करून माशाचं तोंड उडायच्या दिशेला वळवतो. आडवा मासा वाऱ्याला अडतो, सरळ धरलेला अडत नाही. पुढच्या वेळी ऑस्प्रे मासा नेताना दिसला तर हे मुद्दाम बघा.

त्याच्याशी नात्याने फार लांब असलेला एक पक्षी रात्री नदीकाठच्या झाडावर बसतो. हे मासेमार घुबड. त्याच्याही तळव्यांवर तसेच खरखरीत काटे आहेत. पाय उघडे, म्हणजे भिजून जड होतील अशी पिसं त्यांच्यावर नाहीत. इतर घुबडांची ख्याती ती बिनआवाजाने उडण्याची, कारण उंदराला पंखांचा आवाज ऐकू येतो. त्यासाठी त्यांच्या पंखांच्या कडेला मऊ झालर असते. मासेमार घुबडाला तिची गरजच नाही. पाण्याखालच्या माशाला हवेतला फडफडाट कळत नाही. त्यामुळे ती झालर या घुबडात जवळपास नाहीशी झाली आहे, आणि उडताना त्याच्या पंखांचा आवाज येतो.

बुडणारे पक्षी

वरून झेपावण्याऐवजी सरळ पाण्यात उतरून माशाचा पाठलाग करणारे दोन पक्षी उजनीवर सर्रास दिसतात, पाणकावळा आणि तिरंदाज. पाण्यात राहणाऱ्या पक्ष्याचे पंख भिजू नयेत, असं आपण धरून चालतो. बदकाचे भिजत नाहीत. पिसांत अडकलेल्या हवेमुळे ते तरंगतं. पण ज्याला बुडायचं आहे त्याला तरंगणं हीच अडचण. पाणकावळ्याच्या पिसांचा बाहेरचा भाग भिजतो, आतला थर कोरडा राहतो. तिरंदाजाची पिसं तर चिंब होतात. म्हणूनच हे दोघे बाहेर आल्यावर पंख पसरून उन्हात बसलेले दिसतात.

दोघांची शिकार मात्र सारखी नाही. पाणकावळा पायांच्या जोरावर माशामागे सुसाट जातो आणि टोकाशी वळलेल्या आकडेदार चोचीत त्याला धरतो. हवेत आणि पाण्यात दोन्हीकडे बघता यावं म्हणून तो डोळ्यातलं भिंग दाबून त्याचा आकार बदलतो. कधी कधी लहान पाणकावळ्यांचा मोठा थवा एकाच दिशेने मासे रेटत नेतो. मागचे पक्षी उडून पुढे येतात, बुडतात, पुन्हा मागे पडतात. मासे उथळ पाण्याकडे पळतात, आणि तिथे बगळे आधीच येऊन उभे असतात.

तिरंदाज घाई करत नाही. तो पाण्याखाली सावकाश सरकतो, लव्हाळ्यात, बुडालेल्या फांद्यांत थांबतो. त्याच्या मानेत आठव्या मणक्यापाशी एक वेगळा सांधा आहे. त्यामुळे मान दुमडलेली राहते आणि मासा टप्प्यात आला की एका झटक्यात सुटते. चोच मिटलेली असते. म्हणजे तो मासा चोचीत धरत नाही, भोसकतो.

आता एक नवीच अडचण येते. चोच माशात आरपार घुसली, तर तो गिळायचा कसा? तिरंदाज वर येतो. अंग पाण्याखालीच, बाहेर फक्त नागमोडी मान आणि चोचीवर टोचलेला मासा. तो मानेला झटके देतो. एकदा, दोनदा, कधी आठदहादा. मासा सैल होतो. मग एक जोराचा झटका, मासा हवेत उडतो आणि खाली येताना उघड्या चोचीत पडतो, तोही डोक्याकडून. गळ्याला फुगवटा येतो आणि तो मानेतून खाली सरकताना स्पष्ट दिसतो. नेम चुकला तर मासा पाण्यात पडतो. अशा पडलेल्या माशासाठी घारी आणि कुरव घिरट्या घालतच असतात. दुसऱ्याचा घास हिसकावणं हाही पोट भरण्याचा एक मार्ग आहे, आणि कुरवांनी तो मनापासून पत्करलेला आहे.

दिसत नसेल तर चाचपा

पावसाळ्यानंतर भीमेचं पाणी गढूळ असतं. उन्हाळ्यात ते उतरतं आणि चिखल ढवळला जातो. अशा पाण्यात नेमबाज बगळ्याची नजर काय कामाची? तिथे चित्रबलाकाचं राज्य सुरू होतं.

भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावात चित्रबलाकांची मोठी वसाहत आहे. झाडांवर घरटी दाटीने असतात. हा करकोचा पाण्यात उतरतो तेव्हा नीट बघा. लांब पिवळी चोच अर्धवट उघडी ठेवून तो ती पाण्यात बुडवतो आणि सावकाश चालत इकडून तिकडे फिरवत राहतो. मधेच एक पाय चिखलात ढवळतो, मधेच एक पंख उघडून मिटतो, म्हणजे दडलेले मासे हलावेत. पाण्यात तो बघत नसतो. उघड्या चोचीला मासा शिवला, की चोच मिटते.

किती वेगाने मिटते, हे त्याच्या अमेरिकेतल्या जवळच्या भाऊबंदावर, वूड स्टॉर्कवर मोजलं गेलं. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातला आकडा आहे २५ सहस्रांश सेकंद. माशाला स्पर्श कळून तो वळायच्या आत त्याला धरायचं, तर एवढी चपळाई हवीच. कोणत्याही कणा असलेल्या प्राण्यात आढळलेल्या सर्वांत वेगवान प्रतिक्षिप्त क्रियांमध्ये तिची गणना होते. डोळे झाकले तरी हा पक्षी मासे पकडू शकतो. चित्रबलाकाची रीत हीच. चमच्या पक्षीसुद्धा स्पर्शावरच जगतो, फक्त त्याची चोच टोकाशी चपटी.

करकोच्यांच्याच कुळातला मुग्धबलाक, म्हणजे उघड्या चोचीचा करकोचा, मासे सोडून गोगलगायींकडे वळला. त्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. पूर्वी लोकांना वाटायचं, की या फटीत शिंपला धरून तो अडकित्त्यासारखा फोडत असेल. पण त्याच्या जेवणाच्या जागी सापडणारे शिंपले बहुधा अखंड असतात. चोचीचं टोक तो शिंपल्याच्या तोंडातून आत घालतो, गोगलगायीला शिंपल्याशी बांधून ठेवणारा स्नायू कापतो आणि मऊ अंग ओढून काढतो. बरेचदा हे सगळं पाण्याखाली, न बघता. पिल्लांच्या चोचीत ही फट नसते, वाढत्या वयाबरोबर ती पडते.

वाट बघणारी मगर, न थांबणारं पाणमांजर

स्पर्शाचं सगळ्यात दचकवणारं उदाहरण कृष्णाकाठी आहे. सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर या भागात नदीत मगरी आहेत, आणि काठच्या माणसांना त्यांची सवय करून घ्यावी लागली आहे. मगरीच्या जबड्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. या ठिपक्यांत मज्जातंतूंची दाटी असते. अमेरिकी ॲलिगेटर आणि नाईल मगरीवर २०१२ साली झालेल्या संशोधनात हे ठिपके माणसाच्या बोटांच्या टोकांपेक्षाही संवेदनशील आढळले. अंधाऱ्या पाण्यात एखादा थेंब पडला तरी त्याचा तरंग जबड्याला कळतो.

मगर घास चावून बारीक करू शकत नाही. दात धरण्यासाठी आहेत, दळण्यासाठी नाहीत. जबडा मिटण्याचा जोर मात्र अफाट. तिच्या खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या बहिणीत तो १६,००० न्यूटनच्या वर मोजला गेला आहे. घास मोठा असेल तर ती तो धरून पाण्यात स्वतःभोवती गिरक्या घेते आणि तुकडा पिळून काढते. घशात एक पडदा असतो, त्यामुळे पाण्याखाली तोंड उघडलं तरी श्वासनलिकेत पाणी शिरत नाही. गिळायला मात्र तिला डोकं पाण्यावर काढावं लागतं. लहानपणी ती किडे, खेकडे, बेडूक खाते. मोठेपणीही तिच्या जेवणात मासळीचा वाटा मोठा असतो.

मगरीचा खरा गुण धीर हाच. तिचं रक्त थंड, अंग तापवायला ती ऊन वापरते, अन्न नव्हे. म्हणून एका मोठ्या जेवणावर ती कित्येक आठवडे काढू शकते. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत एक चकित करणारी गोष्ट नोंदली गेली. जवळच बगळ्यांची वसाहत होती. घरटी बांधण्याच्या दिवसांत मगरी नाकाडावर काटक्या ठेवून पाण्यात निश्चल पडून राहताना दिसल्या. काटकी उचलायला बगळा खाली आला, की जबडा मिटायचा. ही निरीक्षणं २०१३ साली जाहीर झाली आणि मगर हत्यार वापरते अशी चर्चा जगभर रंगली. पुढे ॲलिगेटरवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात काटक्या आणि शिकारीचा असा संबंध सापडला नाही. त्यामुळे मगर मुद्दाम आमिष लावते की पाण्यातल्या काटक्या योगायोगाने नाकाडावर अडकतात, हा वाद मिटलेला नाही. कृष्णाकाठी धुणं धुणाऱ्यांनी आणि मासेमारांनी एवढं मात्र पक्कं धरावं, की पाण्याच्या कडेला न हलणारी गोष्ट लाकडाचा ओंडका असेलच असं नाही.

पाणमांजराचं सगळं उलट. रक्त गरम आणि अंगावर चरबीचा जाड थर नाही. पाण्यात वावरायचं तर दाट केसांच्या भरवशावर आणि सतत खाऊन. म्हणून ते उतावीळ असतं. कोकणातल्या खाड्यांत आणि विदर्भातल्या नद्यांत दिसणारं मोठं पाणमांजर कुटुंबाने शिकार करतं. सगळे अर्धवर्तुळात पसरतात, मासे काठाकडे रेटतात आणि मग एकेक जण बुडी मारतो. गढूळ पाण्यात मिशांना माशाच्या हालचाली कळतात. काठावरच्या एखाद्या खडकावर ते ठरवून विष्ठा टाकतात. ती उग्र वासाची, आणि उकरून बघितली तर खवले आणि काटेच काटे.

त्यांचं हे रेटणं माणसाने हेरलं नसतं तरच नवल. बांगलादेशात नराइल आणि सुंदरबनच्या भागात मासेमार पिढ्यान्‌पिढ्या पाणमांजरं पाळतात. रात्री होडीच्या बाजूला जाळं सोडायचं, दोरीने बांधलेली पाणमांजरं पाण्यात उतरवायची, आणि ती काठच्या वनस्पतींत दडलेले मासे जाळ्याकडे हाकलतात. मोबदला म्हणून त्यांना मासळीतला हिस्सा मिळतो.

माशालाही खाणारा किडा

शिकारी म्हटलं की मोठं जनावर, असं नसतं. चतुर हवेत भिरभिरतो म्हणून तो आपल्या ओळखीचा, पण त्याचं बालपण पाण्याखाली जातं. त्या वयात त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली दुमडलेला असतो. टोकाला आकडे. डासाची अळी, बेडूकमासा किंवा माशाचं इवलं पिल्लू जवळ आलं, की पापणी लवायच्या आत ओठ पुढे फेकला जातो आणि घास तोंडाशी येतो. पाण्यातला मोठा ढेकूण त्याहून धीट. तो पुढच्या पायांनी मासळी कवटाळतो, सोंड खुपसतो, पाचक रस आत सोडतो आणि विरघळलेलं मांस शोषतो. गंमत म्हणजे त्याच्यातल्या काही जातींत नर आपल्या पाठीवर अंडी वाहतो. क्रूरपणा आणि वात्सल्य एकाच पाठीवर.

आणि आता मासा अख्खा गिळणाऱ्या सगळ्यांना सारखा लागू असलेला एक नियम. बगळा, पाणकावळा, धीवर, पाणदिवड, सगळे मासा डोक्याकडून गिळतात. माशाचे खवले आणि पाठीचे काटे शेपटीकडे वळलेले असतात. डोकं आधी आत गेलं तर काटे अंगाला चिकटून मिटतात. शेपटीकडून गिळायला गेलं तर तेच काटे घशात उभे राहतात. चिलापीच्या काट्यांनी बोट फाडून घेतलेल्या कुणालाही हे पटेल. म्हणून धीवर मासा आधी फांदीवर आपटून गार करतो, मग चोचीत फिरवतो. पाणदिवड तोंडात आलेला मासा सरकवत सरकवत डोक्यापर्यंत जाते. ही युक्ती कुणी कुणाकडून शिकलेलं नाही. माशाचे काटेच त्यांना तसं वागायला लावतात.

काठ कुणासाठी?

या सगळ्या शिकाऱ्यांच्या जागा मोजल्या, तर एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येकाला वेगळी खोली लागते. वंचकाला घोटाभर पाणी, चित्रबलाकाला त्याहून थोडं खोल, तिरंदाजाला बुडता येईल इतकं, ऑस्प्रेला उघडं. कुणाला चिखल लागतो, कुणाला वाळूचं बेट, कुणाला पाण्यात उभं वठलेलं झाड, मासेमार घुबडाला काठचा जुना मोठा वृक्ष. म्हणजे या मेजवानीसाठी मासे असून भागत नाही, काठ उतरता हवा. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, ते गोदावरी आणि कादवेच्या संगमावर साचलेल्या गाळामुळे. बंधारा गाळाने भरतो हे पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने नुकसान, पण त्याच गाळाने तिथे उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पती दिल्या आणि पक्षी आले.

गावोगावच्या तलावांचं सध्या सुशोभीकरण चालू आहे. त्यात बहुतेक ठिकाणी पहिलं काम होतं ते काठ उभा बांधून काढण्याचं, मग फरसबंदी, मग दिवे आणि कारंजं. पाणी तेवढंच राहतं, मासेही राहतात. पण उथळ कड नाहीशी होते आणि तिच्याबरोबर निम्मे शिकारी जातात. तुमच्या गावच्या तलावाचा असा आराखडा आला, तर हरकती-सूचनांच्या मुदतीत तीन मागण्या लेखी द्या: निदान एक बाजू मातीची आणि उतरती ठेवा, पाण्यातलं वठलेलं झाड तोडू नका, आणि फाटकी नायलॉनची जाळी पाण्यात टाकण्यावर बंदी घाला, कारण तिच्यात तिरंदाज आणि पाणकावळे अडकून मरतात. या तिन्हींना खर्च जवळजवळ नाही.